पुडिंगचं कार्डावरचं नाव

वर्नेटा स्प्रुइल चौतीस वर्षं रुग्णालयात बिलांच्या टेबलावर बसली. निवृत्त झाली तेव्हा तिने ठरवलं होतं, आता फॉर्म म्हणून कागदाला हात लावायचा नाही. पण नॉर्थ कॅरोलायनात तिच्या भागात नवी सोय झाली. गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च उचलणारं मेडिकेड यापुढे आजाऱ्याच्या जेवणाला, घराच्या डागडुजीला आणि दवाखान्याच्या फेऱ्यांनाही पैसे देणार होतं. मग गावातल्या छोट्या संस्था एकेक करून तिच्या दाराशी आल्या. त्यांना रांधता येत होतं, गाडी हाकता येत होती, गळकं छप्पर शाकारता येत होतं. फॉर्म तेवढा भरता येत नव्हता. वर्नेटा त्यांच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून तो भरून द्यायची.

त्यातलंच बेथेल ग्रोव्ह चर्चचं स्वयंपाकघर. ओझेला बायनम तिथली कर्ती बाई. दर बुधवारी साखरेच्या आणि मूत्रपिंडाच्या सव्वीस आजाऱ्यांकडे तिची खोकी जात: कोबी, फरसबी, सफरचंदं, बिनमिठाचं चिकन. आजवर हे तळलेल्या मासळीच्या थाळ्या विकून चाललं होतं, पण ईस्टरच्या पुढे रेटणं शक्य नव्हतं. मेडिकेड मिळालं नाही तर खोकी बंद. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सव्वीसच्या सव्वीस अर्ज परत आले.

वर्नेटाने यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. फॉर्म भरला होता वर्नेटाने, पण नावांची यादी ओझेलाने परस्पर जोडली होती. ती अशी: पुडिंग. मदर टायसन. शुग. लिटल मॅन, जो एकाहत्तर वर्षांचा होता आणि दारातून वाकून आत यायचा.

"ओझेला, मेडिकेडच्या कार्डावर लिटल मॅन छापलेलं असेल का गं?"

"मग काय लिहू? अख्खं गाव त्याला तेच म्हणतं. नाव विचारायला मी काय परगावची आहे?"

मेडिकेडच्या कचेरीने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. एक जरी नाव चुकलं तरी सगळा गठ्ठा परत, आणि चर्च यादीतून बाद. वर्नेटा घरोघर हिंडली. लोकांनी तिची भरपूर थट्टा केली, पण कार्डं दाखवली. लिटल मॅनने आपलं लाफायेत हे नाव तिच्या कानात सांगितलं. गुरुवारी दुपारी एकच नाव उरलं: पुडिंग.

पुडिंग ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दंडावरची पट्टी कालचीच. वर्नेटाचा प्रश्न तिने नीट ऐकून घेतला.

"तुझ्या वेण्या मी याच पायरीवर घातल्यात, नेटी. आणि तू मला नाव विचारतेस?"

वर्नेटा म्हणाली, कार्ड तेवढं बघू दे. पुडिंग देईना. कार्डावर नवऱ्याचं आडनाव होतं, चाळीस वर्षांपूर्वी दोन लेकरं टाकून गेलेल्याचं. ते बदलायला कचेरीच्या खेपा घालायचं त्राण आता तिच्यात नव्हतं.

"डायलिसिसला त्या नावाने हाक मारतात, मी उठते. न उठून सांगते कुणाला? पण या ओसरीवर ते नाव आलेलं नाही. कोबीबरोबर तर मुळीच नको."

वर्नेटाने चौतीस वर्षं कार्डावरचंच नाव मोठ्याने वाचलं होतं. ते ऐकून कोण कसं उठतं, हे तिने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. तिने कोरा कागद घेतला. फूटपट्टी नव्हती, म्हणून पुडिंगच्या बायबलची कड धरून मधोमध उभी रेघ ओढली.

"डावीकडचं कचेरीत जाईल. उजवीकडचं खोक्यावर."

"आणि तू कुठलं वाचणार?"

"उजवीकडचं."

पुडिंगने ॲप्रनच्या खिशातून कार्ड काढलं आणि पालथं घालून वर्नेटाच्या मांडीवर ठेवलं.

अर्ज मंजूर झाले. पुढच्या बुधवारी मात्र एक खोकं न उघडताच परत आलं. ओझेलाने घाईत डावीकडच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती.

"म्हणे, या नावाची बाई इथे राहत नाही," ओझेला वैतागून म्हणाली. "स्वतः दारात बसून मलाच सांगते."

वर्नेटाने ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली, जाड काळ्या पेनाने 'पुडिंग' लिहिलं आणि खोकं स्वतः घेऊन गेली. पुडिंगने चष्मा लावून अक्षरं वाचली, मग आत डोकावून पाहिलं.

"कोबी लहान आहे," ती म्हणाली, आणि पाय बाजूला घेऊन खोक्याला जागा करून दिली.