सहीनिशी मत

तार आली तेव्हा मी गणपतला पत्र लिहायला बसलो होतो, आणि ते पत्र भांडणाचं होतं. पुढची विधानसभा लढवणार नाही, असं त्यानं चारचौघांना सांगितलं होतं. मला नाही. शाळेपासूनची मैत्री, दोन्ही निवडणुकांत मी त्याचा निवडणूक प्रतिनिधी, आणि ही बातमी मला सांगलीच्या कोर्टाबाहेर चहा पिताना एका पक्षकाराकडून कळते! तीन पानं लिहून झाली तरी राग उतरला नव्हता... तेवढ्यात पोस्टमननं हाक मारली. तारेत एवढंच होतं : अप्पा गेले. ज्याच्याशी भांडायचं तोच असा मधेच उठून गेला तर काय करायचं, हे इतक्या वर्षांच्या वकिलीत मला कुणी शिकवलेलं नाही. मिरजेहून पॅसेंजर धरली, कोरेगावला उतरून त्याचं गाव गाठलं, तोवर सगळं आटोपलं होतं. दीड महिना झाला. राग अजून आहे, म्हणून लिहितो आहे.

गावाला तो अप्पा, मला गणपत. एका बाकावर बसून आम्ही सातवी पास झालो. मी पुढे वकील होऊन सांगलीला गेलो, तो पलटणीत भरती झाला आणि हवालदार होऊन परतला. तिकडून तो आईला पत्रं लिहायचा. आईला अक्षर येत नव्हतं, गावातले एक गृहस्थ ती वाचून दाखवत. त्यांना कंटाळा आला की ते "पोरगं खुशाल हाय म्हनतंय" एवढं सांगून पत्र मिटत. गणपत पायाला गोळी लागून दोन महिने लष्करी इस्पितळात होता, ते त्याच्या आईला कळलं कधी, तर तो काठी टेकत दारात उभा राहिला तेव्हा. घरटी एक माणूस पलटणीत असलेलं ते गाव. प्रत्येक घरात अशी पत्रं, आणि प्रत्येक घरात ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारी बाई. नोकरी संपवून आल्यावर या गड्यानं घराच्या सोप्यात दुपारचा वर्ग सुरू केला. फक्त बायांसाठी. पहिली विद्यार्थिनी त्याची बायको, म्हणजे आमच्या हौसावहिनी, कारण दुसरी कुणी यायलाच तयार नव्हती. गाव हसलं. मीही हसलो होतो, हे कबूल करतो.

बहात्तरला तो निवडून आला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडत होत्या, आणि हजेरीपत्रकावर त्यांच्या नावापुढे भलत्याच कुणाचे अंगठे उमटत होते. नवा आमदार उन्हात कामावर जाऊन उभा राहिला. त्यानं मुकादमाचं हजेरीपत्रक हातात घेतलं आणि तिथल्या तिथं बायांना सांगितलं, "अंगठा कुनाचाबी लागतो, बायांनो. सही आपलीच असती. जे आपलं हाय, तिथं आपली सही पायजे." त्या वाक्यानं जे झालं ते माझ्या दहा भाषणांनी झालं नसतं. सोपा भरला, ओसरी भरली, शेवटी अंगणात पोती टाकावी लागली. पुढे तर सह्यांचा सुळसुळाट झाला. ज्वारीच्या कणगीवर सही, पाण्याच्या हंड्यावर खिळ्यानं कोरलेली सही, एकीनं तर म्हशीच्या शिंगावर डांबरानं नाव घातलं. जावा-जावांची भांड्यांवरची भांडणं मिटली, असं गणपत मोठ्या अभिमानानं मुंबईत सांगत फिरायचा. मी म्हणायचो, "आमदार आहेस, जरा मोठ्या गोष्टी बोल." त्याला याहून मोठी गोष्ट माहीत नव्हती.

एक होती खरं तर. मुलींचं हायस्कूल. चौथीनंतर पोरी घरी बसत, कारण पुढची शाळा लांब. पाच वर्षं मंत्रालयाचे जिने झिजवून त्यानं मंजुरी मिळवली, लोकांकडून दगड-विटा मागून आणल्या, चार खोल्यांच्या भिंती उभ्या केल्या. छप्पर राहिलं होतं, शिक्षकांच्या जागा राहिल्या होत्या. म्हणून त्याला दुसऱ्यांदा निवडून यायचं होतं. दुसरं काही नको होतं त्याला. आणीबाणीत तो सभागृहात जे बोलला त्यामुळे पक्षानं त्याला वाऱ्यावर सोडलं होतं, साखर कारखान्याचं वजनदार मंडळ विरोधात गेलं होतं. अपक्ष म्हणून उभा राहिला, चिन्ह मिळालं शिडी. समोरच्याकडे जीपगाड्या होत्या. आमच्याकडे दोन सायकली, माझी एक जुनी मोटारसायकल आणि सोप्यातल्या बाया. त्या बाया दुपारी घराघरांत जाऊन दारात खडूनं शिडी काढत. पोरींच्या शाळेवर छप्पर कोण घालणार, एवढाच त्यांचा प्रश्न असे. मला खात्री वाटू लागली होती. मतदानाच्या दिवशी त्या रांगेत उभ्या होत्या त्या ठेवणीतली लुगडी नेसून, आणि आदल्या आठवड्यात मी कोर्टातली सगळी कामं टाकून त्यांना मत कसं द्यायचं ते समजावून आलो होतो.

मतमोजणी साताऱ्याला झाली. दुपारपर्यंत आम्ही पुढे होतो. मग एका टेबलावर खोळंबा झाला, अधिकाऱ्यानं उमेदवारांच्या माणसांना बोलावलं. त्याच्यापुढे मतपत्रिकांचा एक गठ्ठा होता. सगळ्यांवर शिडीपुढे शिक्का, अगदी चौकटीच्या मधोमध. आणि खाली शिसपेन्सिलीनं, एकेक अक्षर कोरून काढावं तशी... सही. मतदार कोण ते ओळखू येईल अशी खूण असली की मत बाद. नियम स्वच्छ आहे, मला तो पाठ होता. अधिकारी भला माणूस होता, त्यालाही वाईट वाटत होतं. एकेक पत्रिका तो उलटत गेला, बाद, बाद, बाद. जितक्या मतांनी आम्ही पडलो त्याहून तो गठ्ठा मोठा होता.

मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, फेरमोजणी मागतो म्हणालो. आणि हा माझा उमेदवार काय करत होता? वाकून सह्या बघत होता! मास्तरानं वही तपासावी तसा. "वकिला, हिचा 'ण' बग. किती दिस जमत नव्हता." माझं डोकं फिरलं. एवढ्यात एक पत्रिका आली आणि तो आणखी खाली वाकला. तिच्यावर लिहिलं होतं, हौसाबाई गणपत, आणि पुढे आडनाव. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. वर्गात तो त्यांना नुसतं स्वतःचं नाव गिरवायला लावी, पुढचं जिचं तिनं. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माझं नाव लिवलंय रं तिनं. कवा घेतलं न्हाई आजवर." डोळे भरलेले, आणि चेहरा असा की जणू निवडून आला आहे. मला त्या क्षणी त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. अरे, शाळा गेली तुझी! छप्पर गेलं!

बाहेर आल्यावर मी कोर्टात जायची भाषा काढली. तो नको म्हणाला. बायांना साक्षीला उभं करतील, सही तुझीच का म्हणून विचारतील, घरोघरी मानहानी होईल. ठीक आहे, हे मला पटलं. पण पुढे त्यानं जे मागितलं ते आजवर पटलं नव्हतं. "ह्यातलं एक अक्षर त्या बायांपाशी बोलायचं न्हाई. विचारायचंबी न्हाई. शब्द दे." मी म्हटलं, मग पुढच्या वेळी त्या पुन्हा हेच करतील! तो म्हणाला, ते मी बघतो. काय बघितलं त्यानं? भिंतींवर गवत उगवलं, मंजुरीची फाईल मुंबईत कुणाच्या तरी टेबलाखाली गेली, त्या वर्षी चौथी झालेल्या पोरी धुणं धुऊ लागल्या. मी दर पत्रात त्याला टोचत राहिलो. तुझ्या भिडस्तपणानं शाळा बुडाली, असंही एकदा लिहिलं. त्यानं उत्तरात हळदीला भाव काय चालला आहे ते विचारलं. गेल्या पावसाळ्यात तो सांगलीला आला, माझ्याकडे जेवला, तेव्हा मी पुन्हा तोच विषय काढला. तो ताटाकडे बघत म्हणाला, "जाऊ दे की गड्या. चुकून हुतं मानसाकडनं." मला वाटलं, बायांविषयी बोलतो आहे.

परवा वहिनींच्या पेन्शनच्या कागदांसाठी गावी गेलो होतो. दुपारची वेळ, सोप्यात आठ-दहा बाया बसल्या होत्या. मास्तर नाही, वर्ग चालू. एक जण वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी मोठ्यानं वाचत होती, अडली की दुसरी पुढचा शब्द सांगत होती. गणपत जिथं भिंतीला टेकून बसायचा तिथं कुणीच बसलं नव्हतं. कागद झाले, चहा झाला, आणि वहिनींनी विचारलं, "भावजी, येक इचारू? हे पडले कसे? आमी समद्यांनी तर शिडीलाच दिलं. वर सहीबी केली, मत कुनी बदलू ने म्हनून."

मी पेन्शनचे कागद गोळा करू लागलो. शब्द दिलेला होता.

"तुमी सांगितल्यावानीच केलं," त्या म्हणाल्या.

"मी?"

"आवं, तुमी न्हाई का शिक्का कसा मारायचा ते दावाया आला हुता? तवा मी इचारलं, भावजी, शिक्क्यावर भागतंय का सहीबी करायची? तुमी गाडीला किक मारत हुता. म्हनला, सही येतीय न्हवं, मग करा की झोकात."

मला आठवेना. आणि मग आठवलं... गाडी सुरू होत नव्हती, पुढच्या गावाला सभा होती, मागून कुणीतरी सहीचं विचारत होतं. मला वाटलं, केंद्रावर मतपत्रिका घेताना सही करतात तिच्याविषयी असेल. मी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

"मत देऊन आल्यावर ह्यास्नी मी समदं सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "वकिलांनी सांगितल्यापरमानं केलं म्हनलं. तर म्हनले, हे वकिलाला कवा बोलू नगंस. का, ते काय सांगितलं न्हाई."

म्हणजे साताऱ्याला त्या टेबलापाशी वाकून सह्या बघताना त्याला सगळं माहीत होतं. कोर्टात गेलो असतो तर पहिल्याच साक्षीत माझं नाव निघालं असतं. माझ्याकडून शब्द घेतला तो बायांना वाचवायला, असं मी इतके दिवस समजत होतो. मी त्याला भिडस्त म्हटलं, शाळा बुडवलीस म्हटलं, आणि हा मला हळदीचा भाव विचारत राहिला. असा राग येतो त्याचा... एकदा तरी उलटून बोलायचं होतंस, गणपत.

त्या दुपारी मी वहिनींना काही न सांगता उठलो. पण बायांशी बोलणार नाही एवढाच शब्द मी दिला होता. वर्तमानपत्रात लिहिणार नाही, असा दिलेला नाही, आणि इतकी फट वकिलाला पुरते. हा लेख रविवारी त्या सोप्यात मोठ्यानं वाचला जाईल, हे मला ठाऊक आहे. कुणाची पाळी असेल तिनं सावकाश वाचावं. वहिनी, तुमची सगळ्यांची मतं बाद झाली, ती माझ्यामुळे. तुम्ही विचारलं होतं, मी नीट ऐकलं नाही. ज्याला हे माहीत होतं त्यानं तुम्हालाही कळू दिलं नाही आणि मलाही. पुढच्या वेळी शाळेसाठी तुमच्यातलीच कुणीतरी उभी राहू दे, अर्ज मी भरून देतो. मतपत्रिकेवर फक्त शिक्का मारा. सही अर्जावर करा.