कोंडिबामामांची हाळी

मार्गासनीला एसटीतून उतरलो आणि फोन बंद करून पिशवीच्या तळाशी, पंच्यात गुंडाळून ठेवला. दोन दिवस तो उघडायचा नाही असं ठरवलं होतं. वर्षभर एकांत आणि निसर्ग यांवर छोटे व्हिडिओ टाकून लोकांची वाहवा मिळवली. एकांत मात्र माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

पालीपर्यंत डांबरी सडक. भात कापून झालेला, खाचरांत बगळे फिरत होते. काही सुंदर दिसलं की हात आपला खिशाकडे. स्वतःचीच लाज वाटली. पालीच्या दुकानात चहा घेतला आणि किल्ल्याची वाट सोडून डावीकडच्या डोंगराच्या सोंडेवर चढू लागलो.

वर चार घरांची धनगरवस्ती आहे. मागच्या वर्षी तिथल्या कोंडिबामामांनी मला ठेवून घेतलं होतं. दिवस कलला की ते कड्यावर उभं राहून हाळी (गुरांना घातलेली साद) घालत आणि खालच्या रानातून म्हशी एकामागून एक वर येत. ते मी चित्रित केलं होतं. माझा सगळ्यांत गाजलेला व्हिडिओ तोच. त्यांना भेटायलाच निघालो होतो. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला. सुतळीने बांधून लंगडत पोचलो.

अंगणात मामी एकट्याच होत्या. मामा आषाढात गेले, म्हणाल्या. मला कळवणार कसं? मी नंबर कधी दिलाच नव्हता. त्यांनी नाचणीची भाकरी, ताक आणि लसणाची चटणी पुढ्यात ठेवली.

मग त्या जवळ येऊन बसल्या. "ह्ये गेल्यापास्नं म्हशी सांजच्याला वर येईनात. म्या हाळी घालते, सून घालती, ऐकत न्हाईत. एक पारडी बिबट्यानं न्हेली. तुमी मोबाईलात त्येंचं घेतलं व्हतं न्हवं? तेवढा आवाज लावा."

पंचा सोडला, फोन सुरू करून त्यात ठेवलेला तो व्हिडिओ लावला. पडद्यावर मामा कड्यावर उभे राहिले, गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं आणि बासरी वाजू लागली.

मामींनी फोन कानाला लावून पाहिला. "त्येंचा आवाज कुठं हाय? तवा लई गलका व्हता का?"

गलका कसला! शांततेवरच्या व्हिडिओत ओरडणं बरं दिसेना, म्हणून मीच तो आवाज काढून बासरी घातली होती. मूळ चित्रण जागा अडवतं म्हणून पुसून टाकलं होतं. हे सांगायचं धैर्य झालं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर असेल, बघतो, असं म्हणालो.

"बगा. सापडंल," मामी मलाच धीर देत म्हणाल्या. सांजेला त्या आणि सून काठ्या घेऊन रानात उतरल्या. मीही गेलो. म्हशी वर आणेपर्यंत अंधार पडला.

सकाळी निघताना या वेळी आठवणीने नंबर दिला. वस्तीवर फोन लागत नाही, म्हणून मामींनी पालीच्या दुकानातून फोन करायचं ठरलं.

घरी येऊन सगळं धुंडाळलं, नाही हे ठाऊक असूनही. मग डोळे मिटून ती हाळी आठवायचा प्रयत्न केला. मी मामांपासून दहा पावलांवर होतो. पण लक्ष सगळं पडद्यावर होतं. कानात काहीच राहिलेलं नाही.

पालीहून दोनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.