ऑपरेशन चालेल, आराम नको

मैत्रिणींनो, आज नवऱ्याला घेऊन मुलुंडच्या एका कॉस्मेटिक सर्जनकडे गेले होते. दोन बाळंतपणांनंतर सुटलेलं पोट काही केल्या जात नाही. लग्नाकार्यात बायका अजून विचारतात, "कितवा गं?"

डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. पोटाबरोबर ओघळलेली छातीही, दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये. भूल, टाके, व्रण, सगळं सांगितलं. नवरा मान डोलवत होता. "करून टाक ना यार, तुलाच बरं वाटेल."

मग मॅडम म्हणाल्या, "नंतर दीड महिना जड उचलायचं नाही. धाकटीलाही कडेवर घ्यायचं नाही. स्वयंपाकपाणी दुसऱ्या कुणीतरी बघायचं."

त्याची मान थांबली. "दीड महिना? मग घरचं कोण बघणार?"

खरं सांगू? त्या सगळ्यात मला तेवढंच आवडलं होतं. बाळंतिणीने सव्वा महिना आराम करायचा म्हणतात ना? धाकटीच्या वेळी बारसं उरकलं आणि मी ओट्याशी उभी राहिले.

रिक्षाने भांडुपला घरी आलो. दार उघडताच धाकटीने हात वर केले. घेतलं कडेवर, काय करणार.

पोट राहू दे गं तसंच. नुसता तो दीड महिना कुठे मिळतो, कुणाला माहितीय का?