पुढच्या दाराची कडी

उत्तर कॅनडातल्या चर्चिल गावी एका छोट्या हॉटेलात मर्टल सत्तावीस वर्षे खोल्या आवरत होती. एवढ्या वर्षांत हॉटेलच्या पुढच्या दाराला कडी लागलेली तिने पाहिली नव्हती. गावात कुणीच दार आतून लावून घेत नसे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी कामावर येताना चर्चच्या कोपऱ्यावर तिला पांढरे अस्वल दिसले. ते तिच्याच रोखाने येत होते. न पळता, भराभर पावले टाकत ती दारापाशी पोहोचली आणि तिने दार ढकलले. ते हलेना. बर्फाने अडकले असावे असे वाटून तिने खांदा लावला. कडीचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. अखेर बाहेर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीत ती शिरली आणि हॉर्न दाबून बसली. अस्वल बिचकले आणि खाडीकडे निघून गेले.

दार उघडले ते टेक्सासहून आलेल्या प्रुइट नावाच्या वयस्क पाहुण्याने.

"काय बेफिकीर माणसं हो तुम्ही! रात्रभर दार उघडं? मीच कडी लावली. कुणीही आत शिरलं असतं!"

"अहो साहेब, कुणालाही शिरता यावं म्हणूनच उघडं ठेवतो ना!"

मर्टल बूट झटकत आत आली. त्याच्यावर रागवावे, तर बिचाऱ्याने सगळ्यांच्या काळजीपोटीच ते केले होते.

"आणि चोर आला तर?" त्याने विचारले.

हे तिला आजवर कुणी विचारले नव्हते. तिने गोंधळून उलट विचारले,

"पण त्याच्या मागे अस्वल लागलं असेल तर?"