बाबांच्या खुणेची रायफल

गिरीश वाकणकर माझा शेजारी आणि मित्र. त्याचा मला मनापासून राग येतो. लोखंड पाहून खरं-खोटं सांगणाऱ्या या गृहस्थाला माणूस मात्र ओळखता येत नाही.

तो इथे कतारमध्ये गॅस कंपनीत इंजिनियर आहे. पण दोह्यात जुन्या बंदुका जमवणारी जी थोडी मंडळी आहेत, त्यांच्यात त्याचा मान वेगळाच. लष्करातून बाद झालेल्या, दर गोळीला हाताने खटका ओढायच्या बोल्टच्या रायफली एकेकाळी जगभर विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी लाकूड कापून, नळ्या बदलून, शिक्के घासून त्यांच्या शिकारीच्या बंदुका केल्या. अशी नटवलेली रायफल पुढ्यात आली, की ती मूळची कुठली आणि तिचं काय काय बदललंय हे गिरीश सांगतो. स्वतःकडे एकही नाही, आपल्यासारख्यांना इथे ती कोण ठेवू देणार? तो जातो जैदकडे. जैद कतारी, परवाना असलेला हौशी माणूस. लुसैलच्या त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतभर रायफली आहेत, आणि गिरीशच्या होकाराशिवाय तिथे खिळासुद्धा ठोकला जात नसे. मी आपला सोबतीला जायचो, खजूर खायला.

गिरीशची रीत ठरलेली होती. पहिल्या गुरुवारी रायफल खोलून बघायची, कहवा प्यायचा आणि अवाक्षर न बोलता घरी यायचं. निकाल पुढच्या गुरुवारी. जैद त्याला हसायचा, पण थांबायचा.

हे वेड वडिलांचं. बाबा खडकीला लष्करी वर्कशॉपमध्ये रायफलींना लाकडी दस्ते बसवायचे. दस्त्याच्या टोकाला पितळी पाटी असते. ती लावण्याआधी ते खालच्या लाकडावर गुपचूप आपली खूण ठोकायचे, तीन ठिपके आणि एक रेघ. गिरीश लहान असताना त्यांनी ती एका ठोकळ्यावरही ठोकून दिली होती. तो ठोकळा आज मदिनत खलीफा भागातल्या त्याच्या घरी शोकेसमध्ये आहे, ठिपके वर, रेघ खाली. बाबांचा हात लागलेली एक तरी रायफल आपल्याला सापडावी, एवढंच या माणसाला आयुष्यात हवं होतं. बाबा गेल्यावर तर फारच.

ही गोष्ट त्याने सांगितली मिहीरला. मिहीर नाशिकचा, गिरीशच्याच हाताखाली कंपनीत तयार झालेला. पुढे नोकरी सोडून तो जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दालनात गेला आणि जुनी शस्त्रं बघू लागला. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, सगळं गिरीशने शिकवलं. तो गिरीशला दादा म्हणायचा आणि गिरीशच्या बायकोकडे, नमितावहिनींकडे, हक्काने थालीपीठ मागायचा.

गेल्या हिवाळ्यात मिहीरने जैदकडे एक शिकारी रायफल आणली. पुढचं लाकूड कापलेलं, नवं पॉलिश, दस्ता तेवढा जुना. गिरीशने पितळी पाटी काढली. खाली तीन ठिपके आणि रेघ होती. तो सगळ्यांदेखत रडला. जैदने उठून त्याला मिठी मारली. आणि गिरीशने त्याच बैठकीत होकार दिला. पुढचा गुरुवार नाही, भिंग नाही, काही नाही. मी त्याला कोपराने ढोसलंसुद्धा, पण त्याचं लक्ष कुठे होतं?

जैदने ती मधोमध लावली आणि खाली पितळेवर बाबांचं नाव कोरून घेतलं.

पुढे ईदच्या सुट्टीत नमितावहिनींनी शोकेस पुसली आणि ठोकळा चुकून उलटा ठेवला. गिरीश चहा पिता पिता त्याच्याकडे बघत राहिला आणि कप तसाच खाली ठेवून गाडीची किल्ली शोधू लागला. मीही सोबत निघालो, आणि वाटेत त्याने मला सांगितलं. बाबा दस्ता बसवताना रायफल व्हाइसच्या पकडीत पोट वर करून धरायचे आणि तशीच खूण ठोकायचे. त्यामुळे रायफल सरळ धरली, की खूण उलटी दिसायची, रेघ वर आणि ठिपके खाली. जैदच्या रायफलीवर खूण सरळ होती, शोकेसमधल्यासारखी.

जैदकडे त्याने पाटी पुन्हा काढली. या वेळी भिंग होतं. जुन्या लाकडात तेल मुरून काळं होतं, पण ठिपक्यांच्या तळाशी लाकूड कोरं, फिकट होतं, म्हणजे ठिपके नवे होते. मग त्याने बोल्टजवळचा बुजवलेला छेद पाहिला. ही रायफल त्याने आधी पाहिली होती. मिहीरच्याच दालनात, दोन मोडक्या बंदुका जोडून केलेली म्हणून त्यानेच नापास केली होती. तेव्हा तिच्यावर कसलीही खूण नव्हती.

त्याने तिथूनच मिहीरला फोन लावला, स्पीकरवर. ती खूण तूच ठोकलीस ना, एवढंच विचारलं. मिहीर म्हणाला, "दादा, तुम्ही किती वर्षं शोधत होता. म्हटलं, तुम्हाला एकदा मिळू दे. तुम्ही रडलात ना त्या दिवशी? ते तर खरं होतं."

इतका निर्लज्जपणा मी आजवर ऐकला नव्हता. गिरीशने पुढे एक शब्द न बोलता फोन ठेवला. मग त्याने जैदला सगळं सांगितलं. आपला शब्द खोटा ठरला, ही बाबांची रायफल नाही, नाव काढून टाका. जैद रागावला नाही. त्याने कहवा ओतला, भिंतीवरच्या इतर रायफलींकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मग बाकीच्यांचं काय?"

त्यानंतर जैदचं बोलावणं आलेलं नाही. दालनाने रायफल परत घेतली. मिहीर अजून तिथेच आहे, मजेत.

परवा मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, जाऊ दे, कधीतरी खरी सापडेल, रेघ वर असलेली.

"पुढच्या वेळी मिहीर खूण उलटी ठोकेल," गिरीश म्हणाला. "फोनवर ती चूक मीच त्याला सांगून बसलो असतो, म्हणून गप्प राहिलो. पण त्याला कळेलच कधीतरी. उद्या खरंच बाबांची रायफल हातात आली, तरी मला ती मिहीरचीच वाटणार."