खाल्लेला मुद्देमाल

त्या म्हशीचा पंचनामा मी मरेपर्यंत विसरणार नाही, कारण त्यात मी चक्क मुद्देमाल खाल्ला होता.

तेव्हा मी चांदूर बाजारकडच्या एका ठाण्यात फौजदार होते. खांद्यावर कोरे तारे आणि डोक्यात भलता तोरा! सकाळची हजेरी चालू असताना फोन आला, एक बाई ढेपीत विष कालवून विकते, माझी म्हैस मेली.

बाई सोयाबीन ड्रममध्ये भाजायची, भरडायची आणि सरकीच्या ढेपीत, म्हणजे पेंडीत, मिसळायची. भाजलेलं जनावराच्या जास्त अंगी लागतं, दूध वाढतं, असं ती सांगे. तक्रार होताच तिची गिऱ्हाइकं दारातूनच परतू लागली. गुन्हा लागला असता, तर तो ड्रम पुन्हा पेटलाच नसता.

फिर्यादीच्या गोठ्यातल्या पोत्याला खमंग वास येत होता. अख्खं गाव बघत असताना मी चिमूटभर ढेप तोंडात टाकली. हवालदार ओरडले, "मॅडम, मुद्देमाल हाये तो!" मग मी दिवसभर पोटावर हात ठेवून विष चढायची वाट बघितली. चढलं नाही. चव मात्र बरी होती.

पशुवैद्यकांनी शवविच्छेदन करून सांगितलं, पोट खुराकाने ठासलेलं आहे, विषाचं लक्षण नाही. मी फिर्यादीला समोर बसवलं.

"बाकीच्या दोन म्हशींनी याच पोत्यातलं खाल्लं ना?"

"हो."

"मग त्या काहून नाही मेल्या?"

जबाबात नवरा अडला की मी बायकोकडे बघते. ती उसळलीच, "सांगा ना आता! गिऱ्हाईक येनार होतं म्हैस पाह्याले. धार जास्त निघाली पाह्यजे म्हनून याइनं टोपलंभर चारलं! त्या बाईनं दोन ओंजळीच सांगतल्या होत्या."

तक्रार गैरसमजातून झाली, असा अहवाल मी स्वतः लिहिला. मेलेल्याची चौकशी सगळेच करतात. जगलेले का जगले, हेही विचारावं, हे त्या दोन म्हशींनी मला शिकवलं. पुढे कितीतरी तपासांत ते कामी आलं.

काही महिन्यांनी त्या गावावरून जाताना थांबले. ड्रम पेटलेला होता आणि रांगेत तोच फिर्यादी रिकामं पोतं घेऊन उभा. बाई मला बघून हसली आणि म्हणाली,

"मॅडम, तुमी खाल्लं अन् जित्त्या राह्यल्या, हे साऱ्या गावानं पाह्यलं, तवापासून माह्या ढेपीले पोतं पुरत नाही. पन आता भूक लागली तं घरी या, भाकर टाकून देतो. मुद्देमाल नोका खाऊ."