टेबलाच्या टोकाचा प्रश्न
मार्करचं टोपण काढलं की त्या उग्र वासासरशी मला गुडगावच्या नव्या काचेच्या ऑफिसातली मीटिंग आठवते; खिडकीबाहेर तेव्हा मोहरीची शेतं होती. मोबाइलसाठी कोणती पद्धत घ्यावी, हे मी प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर मार्करनं लिहून सांगत होतो: सगळ्यांनी एकाच रुंद बँडवर आपापल्या कोडनं बोलायचं, की सतत फ्रीक्वेन्सी बदलत राहायचं? साहेबांना पहिलीच हवी होती, म्हणून प्रत्येक फोनचा सिग्नल टॉवरला सारख्याच जोरानं पोचतो असं धरून मी तिला जिंकवलं होतं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या ज्युनिअरनं हळूच विचारलं, "सर, पासवाला फोन दूरवाले को दबा देगा ना?" आदल्या दिवशी डबा खाताना तिनं मला हेच मराठीत समजावलं होतं. मी साहेबांकडे बघत मोठ्यांदा म्हणालो, "मॅडम, किताब से बाहर आइए!" सगळे हसले. तिनं वही मिटली. पुढे चाचणीत नेमकं ती म्हणाली तेच झालं. साहेबांनी विचारलं, "ये किसी ने सोचा नहीं था?" मी म्हणालो, "नहीं सर." ती माझ्या शेजारीच उभी होती. तेव्हा ती भांडली असती, तर आज मला एवढी लाज वाटली नसती.